पावसाळ्यात स्लॅबच्या घरात बुरशी येते, हवा खेळती कशी ठेवावी?

यवतमाळकडचं दोन खोल्यांचं घर, मागच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी, कपड्यांना कुबट वास आणि एकुलत्या एक खिडकीत कुलर, असं तुम्ही लिहिलंय. आधी तो कुलर काढा. मृग लागला की त्याचं काम संपतं, पण आपल्याकडे तो दिवाळीपर्यंत खिडकी अडवून बसतो आणि त्याच्या ओल्या ताट्यांनाच बुरशी धरते.

मग ओल कुठून येते ते पाहा. भिंतीवर फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं बंद करून दोन दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय, म्हणजे स्लॅबची गळती किंवा पायाची ओल. तिथे कितीही पंखे लावा, उपयोग नाही. आतून कोरडं आणि वरून दमट असेल तर दोष हवेचा.

हवेला यायला एक वाट लागते, जायला दुसरी. खिडकीच्या समोरच्या भिंतीत, स्लॅबच्या खाली अर्धा फूट सोडून, नऊ इंची एक्झॉस्ट बसवा. बाहेरून झडप हवीच, नाहीतर पाऊस आत येतो. एक्झॉस्टला लागूनच खिडकी उघडी ठेवली की तो तिचीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि कपाटाचा कोपरा तसाच कोंदट राहतो. ही चूक फार घरांत दिसते. खिडकीची जाळीही झाडून घ्या, धुळीने ती निम्मी बुजलेली असते.

झड लागली असताना खिडक्या दिवसभर सताड उघड्या ठेवू नका, बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा छताचा पंखा पुरे. उघाड पडली की दुपारी 12 ते 4 दोन्ही बाजू उघडा. स्वयंपाकाच्या वेळी मात्र झड असो की उघाड, एक्झॉस्ट चालूच. एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन घरात येतं, 14.2 किलोच्या सिलेंडरचा हिशेब तुम्हीच करा. भाताची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे वेगळेच.

कपाट भिंतीपासून चार इंच पुढे घ्या. तुरीची पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर.

बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, उडून घरभर होते. नाकाला रुमाल बांधून साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग चुन्याचे दोन हात. ऑइलपेंट नको, ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात.