राज्याचा निम्मा वाटा आणि गावाची रेल्वे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नव्या रेल्वेमार्गाची बातमी छापून आली की आठवडाभरात पत्रांचा ढीग लागतो. जिल्हा बदलतो, प्रश्न बदलत नाहीत. नोकरीची बहुतेक वर्षे रेल्वे प्रकल्पांच्या खर्चाच्या फायली चाळण्यात गेली, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडेच वळवले जातात. पुन्हा पुन्हा येणारे निवडून घेतले आहेत.

महारेल ही राज्य सरकारची कंपनी की रेल्वेची?

दोघांची, निम्मी-निम्मी. राज्यांबरोबर अशा संयुक्त कंपन्या काढायला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मान्यता दिली. प्रत्येक कंपनीचे सुरुवातीचे भागभांडवल १०० कोटी, त्यात रेल्वेचे ५० कोटींपर्यंत. महाराष्ट्र रेल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे महारेल, त्याच धोरणातून उभी राहिली. कर्नाटक, केरळ, गुजरात, हरियाणा इथेही अशा कंपन्या आहेत. १०० कोटींत रेल्वेमार्ग होत नाही, हे सांगायला नको. ते पैसे कंपनी चालवायला. प्रकल्पाचा पैसा प्रत्येक वेळी वेगळा उभा करावा लागतो. आणि महारेल गाड्या चालवत नाही, ती बांधकाम करते.

आमच्या स्टेशनवर एक्स्प्रेसला थांबा हवा आहे. महारेलला निवेदन द्यावे का?

नाही. थांबा हा विभागीय रेल्वे आणि रेल्वे बोर्डाचा विषय आहे. विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या, म्हणजे डीआरएमच्या, कार्यालयात द्या, एक प्रत खासदारांना.

रेल्वे केंद्राची आहे. मग खर्च राज्याने का उचलायचा? हा आपल्यावर अन्याय नाही का?

अन्याय म्हणा किंवा व्यवहार, पण हिशेब असा आहे. नवा मार्ग टाकायचा तर त्यातून किती परतावा मिळेल हे रेल्वे आधी पाहते. अनेक वर्षे १४ टक्के हा निकष होता. मराठवाडा-विदर्भातले बहुतेक मार्ग त्याच्या जवळपासही जात नव्हते. अशा वेळी राज्य म्हणते, निम्मे आम्ही घालतो, तुम्ही हात घाला. राज्याने वाटा उचलला की रेल्वेच्या बाजूचा खर्च कमी होतो आणि अडलेली फाईल पुढे सरकते.

वाटा सगळीकडे निम्माच असतो असेही नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गात राज्याचा ४० टक्के आहे. नवी मुंबईत तर ते शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के असे गणित होते. नेरूळ–उरण मार्ग त्याच प्रमाणात झाला. पण सिडकोच्या हातात जमीन होती. रेल्वे आली की त्या जमिनीचा भाव वाढतो आणि घातलेला पैसा वसूल होतो. बीड किंवा यवतमाळला अशी जमीन कोणाच्या हातात आहे? म्हणून ‘नवी मुंबईला जमते, आम्हाला का नाही’ ही तुलना करण्याआधी पैसा कुठून आला ते पाहा.

मुंबईच्या लोकलसाठी सगळे पैसे जातात आणि ग्रामीण मार्ग रखडतात, हे खरे ना?

अर्धवट ऐकलेले आहे. मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ साली स्थापन झाले. त्यात रेल्वेचा ५१ आणि राज्याचा ४९ टक्के हिस्सा आहे. तिथल्या प्रकल्पांतही राज्य निम्मा वाटा देते, पण त्यातला बराच भार एमएमआरडीए आणि सिडकोसारख्या प्राधिकरणांवर असतो, शिवाय परदेशी वित्तसंस्थांचे कर्जही मिळते. ग्रामीण मार्गाचा वाटा थेट राज्याच्या तिजोरीतून निघतो. रखडण्याचे कारण तिजोरीच्या या रांगेत आहे, लोकलमध्ये नाही.

आमच्या तालुक्याच्या मार्गाला राज्याचा ५० टक्के वाटा मंजूर झाल्याचे फलक गावभर लागले आहेत. काम कधी सुरू होईल?

फलक लावणाऱ्याला विचारा, हे पहिले उत्तर. दुसरे जरा लांब आहे, कारण दर वर्षी शेकडो लोक याच ठिकाणी फसतात.

मार्ग जाहीर होणे, सर्वेक्षण होणे, सविस्तर प्रकल्प अहवाल होणे, केंद्राची मान्यता मिळणे, राज्याने वाटा द्यायचे ठरवणे, अर्थसंकल्पात तरतूद होणे आणि ती रक्कम प्रत्यक्ष रेल्वेच्या खात्यात पडणे, या सात वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीनंतर पेढे वाटले जातात. रूळ मात्र शेवटच्या गोष्टीनंतरच पडतात. सर्वेक्षणाला तर मी बातमीसुद्धा मानत नाही; तीन-तीनदा सर्वेक्षण झालेले मार्ग आजही कागदावर आहेत. १,००० कोटींच्या वरचा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळापुढे जातो. त्यानंतरही रेल्वेच्या पिंक बुकात, म्हणजे कोणत्या कामाला यंदा किती पैसे ते सांगणाऱ्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात, त्याच्यापुढे किती आकडा लिहिला आहे ते पाहायचे. एखाद्या मार्गापुढे एक हजार रुपये लिहिलेले असतात. छापायची चूक नाही ती. मार्ग यादीतून वगळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

राज्याच्या बाजूला हेच घडते. शासन निर्णय हातात आला की मथळा वाचून थांबू नका. आत ‘तत्त्वतः मान्यता’ असेल तर पैसा नाही. ‘सहभाग देण्यास मान्यता’ असेल तरी पैसा नाही, वचन आहे. ‘वितरित करण्यास मान्यता’ आणि त्याखाली लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यात पडणार तो क्रमांक), रक्कम, आर्थिक वर्ष असेल तर पैसा निघाला. ती रक्कम एकूण वाट्याच्या किती टक्के आहे हे कागद-पेन्सिल घेऊन काढा. ही माहिती गुप्त नाही. रेल्वेच्या वाट्याचे निर्णय गृह विभागाच्या परिवहन शाखेतून निघत आले आहेत आणि ते सार्वजनिक असतात.

उशिराची किंमत किती, ते अहिल्यानगर–बीड–परळी मार्गावरून पाहा. लांबी २६१ किलोमीटर. मान्यता १९९५-९६ ची, तेव्हाचा खर्च सुमारे ३५३ कोटी. सुधारित खर्च गेला सुमारे ४,८०५ कोटींवर. यात महागाई आहे, २०१३ च्या कायद्याने वाढलेला जमिनीचा मोबदलाही आहे, आणि तो शेतकऱ्याला मिळालाच पाहिजे. पण मूळ खर्चाचा निम्मा वाटा १७६ कोटींच्या आसपास होता. तोच वाटा आता सुमारे २,४०० कोटी आहे. आष्टीपर्यंत गाडी यायला सप्टेंबर २०२२ उजाडले, बीडला पोहोचायला सप्टेंबर २०२५. जमीन मिळत नाही म्हणून रेल्वे खर्च करत नाही, खर्च दिसत नाही म्हणून राज्य हप्ता सोडत नाही, हप्ता नाही म्हणून जमिनीचा मोबदला थांबतो. असे हे चक्र. त्यात कोणत्याही पक्षाचे सरकार असो, मार्चअखेर वित्त विभाग आधी पगार-पेन्शन बघतो आणि रेल्वेचा हप्ता पुरवणी मागण्यांवर ढकलतो.

म्हणून सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाच्या लोकांना मी एकच सांगतो. ८४ किलोमीटर, मूळ खर्च सुमारे ९०४ कोटी, त्यात राज्याचा वाटा ४५२ कोटी, हे आकडे पाठ करून उपयोग नाही; खर्च नंतर वाढला आहे. राज्याच्या वाट्यातले दर वर्षी किती सुटले ते विचारा. आमदारांकडून वितरणाच्या शासन निर्णयाची प्रत मागा, जमले तर तारांकित प्रश्न विचारायला लावा. आणि त्या भरवशावर कर्ज काढून धंदा टाकण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयातील भूसंपादन शाखेत जाऊन जमीन किती ताब्यात आली, एवढे तरी विचारून या.

रूळ टाकून सहा महिने झाले. गाडी का सोडत नाहीत?

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीशिवाय प्रवासी गाडी सोडता येत नाही. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, त्यामुळे डीआरएमवर ओरडून फायदा नाही. तपासणी झाली का, एवढेच विचारा.

फाटकावर अर्धा-अर्धा तास जातो. शाळेची मुले वाकून जातात. उड्डाणपूल मिळेल का?

मागणी करण्याआधी फाटकाचा टीव्हीयू विचारून घ्या. दिवसात जाणाऱ्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहने, असा तो आकडा असतो. ट्रक, मोटार, बैलगाडी प्रत्येकी एक, रिक्षा अर्धी. समजा ६० गाड्या जातात आणि वाहनांची एकके १,७०० भरतात, तर गुणाकार १,०२,००० होतो. एक लाखाच्या वर गेला की रेल्वे आणि राज्य निम्म्या-निम्म्या खर्चाने पूल करू शकतात. त्याखाली असेल तर रेल्वेने स्वतःहून मनावर घ्यायचे किंवा मागणाऱ्याने सगळा खर्च भरायचा. पायी जाणारी माणसे या गुणाकारात येत नाहीत. तुमची मुले नियमाच्या दृष्टीने शून्य आहेत, आणि हे मला कधीच पटलेले नाही; पण मुलांसाठी पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग वेगळा मागता येतो, तो मागा.

पूर्वी रुळांवरचा भाग रेल्वे करायची आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते सार्वजनिक बांधकाम विभाग. परिणाम गावोगाव दिसायचा: मधला पूल तयार, चढायला रस्ता नाही. महारेल संपूर्ण पूल एकहाती बांधते, ही त्यातली खरी सुधारणा. मात्र पूल झाल्यावर फाटक कायमचे बंद करायला संमती द्यावी लागते. ती ग्रामसभेत आधीच बोलून घ्या. ‘पूलही हवा आणि फाटकही राहू द्या’ म्हणणाऱ्या गावाची फाईल तिथेच बसते. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम, यांना आधी भेटा.

पुणे–नाशिक रेल्वेच्या नियोजित स्टेशनजवळ एनए प्लॉट मिळतो आहे. एजंटाकडे नकाशाही आहे. घ्यावा का?

महारेलने आखलेला मार्ग सुमारे २३५ किलोमीटरचा, राज्याने २०२१ मध्ये मान्यता दिलेला, काही ठिकाणी जमिनीची खरेदीखतेही झालेली. तरी खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल म्हणून आक्षेप आला आणि रेल्वेने दुसरा मार्ग शोधायला घेतला. सरकारने खरेदी केलेल्या जमिनीचा मार्ग बदलू शकतो, तर एजंटाच्या रंगीत नकाशाचे काय सांगावे! स्टेशनच्या आशेवर एक रुपयाही जास्त देऊ नका. प्लॉट रेल्वेशिवायही परवडत असेल, तरच सातबारा, एनए आदेश आणि वकिलाचा शोध अहवाल बघून विचार करा.

भूसंपादनाची अधिसूचना आली आहे. गावात म्हणतात, हरकत घेतली की मोबदला कमी होतो. खरे का?

साफ खोटे. रेल्वे कायद्याच्या कलम २० अ खाली अधिसूचना असेल तर प्रसिद्धीपासून ३० दिवसांत हरकत घेता येते. मुदत गेली की गेली. पारावर ऐकलेल्या सल्ल्यापायी ती घालवू नका.

त्याहून महत्त्वाची संयुक्त मोजणी. त्या दिवशी शेतात स्वतः उभे राहा. विहीर, बोअर, जमिनीखालची पाइपलाइन, आंब्याची झाडे, गोठा, बांधावरचे साग, सगळे मोजणीपत्रकात उतरले का ते वाचा आणि मगच सही करा. पाइपलाइन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सर्वांत जास्त तीच राहून जाते. थेट खरेदीला संमती दिली तर २५ टक्के वाढीव रक्कम देण्याची राज्याची पद्धत आहे, पण खरेदीखत झाल्यावर वाढीव मोबदल्यासाठी भांडायची वाट जवळपास बंद होते. कोणता रस्ता बरा, हे तुमच्या गटाचे दर आणि भावकीतल्या हिश्श्यांवर ठरते. भूसंपादनाची कामे करणाऱ्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय कुठेही अंगठा नको.

जमीन गेली की घरातल्या एकाला रेल्वेत नोकरी मिळते. एकजण दोन लाखांत काम करून देतो म्हणतो.

रेल्वे बोर्डाने ते धोरण २०१९ मध्ये मागे घेतले. पैसे देऊ नका, पोलिसांत जा.

आमच्या कारखान्याला साइडिंग हवी आहे. राज्याचे अनुदान मिळते का?

साइडिंगचा, म्हणजे कारखान्यापर्यंत आणलेल्या मालगाडीच्या रुळाचा, खर्च ज्याची गरज त्याने करायचा, हा सर्वसाधारण नियम. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणाने परवानग्या सोप्या केल्या, पैसे दिले नाहीत. ‘अनुदान मिळवून देतो’ म्हणणारा सल्लागार आगाऊ फी मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. वर्षाला किती रेक (पूर्ण मालगाड्या) माल भरणार याचा खरा आकडा घेऊन विभागाच्या वाणिज्य अधिकाऱ्यांना भेटा. आकडा फुगवू नका, ते स्टेशनची जुनी मालनोंद काढून बघतात.

हॉल्टवर शेड नाही. ग्रामपंचायतीने वर्गणी काढून बांधली तर?

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय वीटही ठेवू नका, अतिक्रमण ठरेल. खासदार निधीतून करता येईल का, हे जिल्हा नियोजन कार्यालयात विचारा आणि डीआरएम कार्यालयाचे अंदाजपत्रक हातात आल्याशिवाय वर्गणी गोळा करू नका.