नारळीकरांवर बोलताना त्यांचं घर सोडू नकोस

लेकी,

अनेक आशीर्वाद.

१९ जुलैला, जयंत नारळीकर सरांच्या जयंतीला, कॉलेजात तुला बोलायचंय आणि पुरस्कारांची यादी हवी आहे, असं तू लिहिलंस. १९६५ साली, २६ वर्षांचे असताना पद्मभूषण. २००४ साली पद्मविभूषण. २०१४ साली आत्मचरित्राला साहित्य अकादमी. हे एका दमात सांगून मोकळी हो. यादी ऐकून कुणी विज्ञानाकडे वळल्याचं मी पाहिलेलं नाही.

पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, त्याने मला जास्त विचारात पाडलं. एम.एस्सी. झाली की लग्न, असं घरात ठरत आलंय आणि संशोधन करणाऱ्याला संसार जमत नाही, असं अण्णा म्हणतात. मग भाषणात नारळीकरांच्या घराबद्दलच बोल.

बनारसचं घर आधी घे. वडील विष्णू वासुदेव हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात भिंतीवर फळा होता. मोरूमामा त्यावर भाच्यासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत किंवा 'हरलो' म्हणेपर्यंत फळ्यावर तसंच राहायचं. खडूच्या त्या ओळी येता-जाता पाहत जो मुलगा वाढला, तो पुढे केंब्रिजला रँग्लर, म्हणजे गणितात पहिल्या वर्गाचा मानकरी, झाला. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत त्याने मांडला. विश्व महास्फोटातून सुरू झालं, ही कल्पना बहुतेकांनी स्वीकारली, तरी आपल्या शंका त्याने शांतपणे, गणित मांडून, अखेरपर्यंत जपल्या.

आता मंगलाताई. मंगला राजवाडे १९६४ साली मुंबई विद्यापीठातून गणितात सुवर्णपदक घेऊन एम.ए. झाल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागल्या. १९६६ साली लग्न झालं. मग केंब्रिज, तिथे शिकवणं, मुली, १९७२ साली मायदेशी परत. पीएच.डी. मिळाली १९८१ साली. नारळीकरांची १९६३ सालीच, पंचविशीत झाली होती. मंगलाताई मात्र पीएच.डी. मिळेपर्यंत चाळिशीकडे झुकल्या होत्या. हा फरक बुद्धीचा नव्हता. घराचं काम कोणाच्या वाट्याला जास्त आलं, त्याचा होता. नारळीकर कुटुंबात रमणारे होते, हे खरंच. गीता, गिरिजा, लीलावती या तिन्ही मुली विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वाटेने गेल्या. पण नुसतं 'कुटुंबवत्सल शास्त्रज्ञ' म्हणून पुढे गेलीस, तर अर्धी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. त्या घरात गणिती दोन होते. मंगलाताई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या, सर २० मे २०२५ रोजी, ८६ वर्षांचे होऊन. दोघांची आठवण एकत्रच काढ.

लग्नाला नकार दे, असं मी सांगणार नाही. तो निर्णय तुझा. पण ज्याच्याशी बोलणं होईल, त्याला आधीच विचार : पोर आजारी पडलं आणि त्याच दिवशी माझं प्रयोगशाळेत काम असलं, तर घरी कोण थांबणार? छत्तीस गुण पाहण्याआधी या प्रश्नाचं उत्तर ऐक. पत्रिकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २००८ साली नारळीकरांनी काही सहकाऱ्यांसह दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या. शंभर हुशार, शंभर मतिमंद. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगितलं. बरोबर आली सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यावर येतील त्याहून जास्त नाहीत. हे अण्णांना रागावून सांगू नकोस. आकडे कागदावर लिहून समोर ठेव, ते हिशेबी माणूस आहेत.

मुलगी लांब जाईल, ही त्यांची दुसरी काळजी. नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून मुंबईला आले. पुण्यात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, त्याचे ते संस्थापक संचालक. देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना मोठं संशोधन हाताशी यावं, यासाठीच ती संस्था. आज तीच आयुका लायगो-इंडियात भागीदार आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारं हे यंत्र, चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंचं, आपल्या औंढा नागनाथजवळ होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. तुला आधी पुण्याला किंवा आणखी लांब जावं लागेल, हे अण्णांपासून लपवू नकोस. पण काम करायला परत हिंगोली जिल्ह्यात येता येईल, असं सांगण्याची सोय आपल्या भागातल्या पोरींना याआधी नव्हती. औंढ्याला अण्णा दर श्रावणात जातात, त्यांना वाट दाखवायची गरज नाही.

भाषण लिहून झालं की आधी घरी वाचून दाखव, आईलाही बसव. रविवारी मी येतोच आहे. जेस्टच्या, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेच्या, जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन येतो आणि अण्णांशी मीही बोलतो.

तुझे
सर