वाचकांचे प्रश्न : जिव्या म्हसे, तांदळाचं पीठ आणि मासे धरायचं जाळं

प्रश्न : वीकेंडला वारलीचा क्लास लावलाय. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं की ही परंपरा आहे, यात स्वतःचं काही घुसडायचं नाही. मग जिव्या सोमा म्हसेंना प्रयोगशील चित्रकार का म्हणतात? माणसं तर तीच, दोन त्रिकोणांची. (एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण वारली म्हटलं की लोक लगेच कप, बेडशीट आणि सोसायटीचं गेट यावर येऊन थांबतात, म्हसेंचं नाव कोणी काढत नाही.

आधी मुळात काय होतं ते बघा. वारल्यांच्या घरात लग्न असलं की कुडाच्या भिंतीवर, शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या, सवाशिणी लग्नचौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या. चौक काढतात असं नाही म्हणत, लिहितात म्हणतात. मधे लग्नाची देवी पालघट, बाजूला छोट्या देवचौकात पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या बायका, गाणी म्हणून लग्न लावणार. म्हणजे हे काम बायकांचं, ते पण लग्नासारख्या प्रसंगापुरतंच, पावसाळे गेले की भिंतीवरून पुसट होत जाणारं. त्यामुळे एका पुरुषाने, कुठलंही लग्नकार्य नसताना, रोज उठून, मनाला येईल ते काढत बसायचं, हाच केवढा मोठा प्रयोग होता! आज आपल्याला तो दिसत नाही कारण त्यांच्यामागून कितीतरी जण त्याच वाटेने गेले.

म्हसेंचा जन्म 1934 च्या सुमाराचा, आयुष्य गेलं डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या पाड्यावर. सात वर्षांचे असताना आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांचं बोलणंच बंद झालं, नंतर कित्येक वर्षं काही सांगायचं असलं की धुळीत चित्र काढून सांगायचे. मला वाटतं त्यांच्या रेषेत जी घाई नाहीये, जो नेमकेपणा आहे, तो तिथूनच आलाय, कारण ज्याला चित्रातूनच सगळं बोलायचंय तो उगाच जागा भरायला एक झाड इकडे एक झाड तिकडे असं करणार नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, तेच ज्यांनी आधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हातात कागद दिला होता. इथेही कागद आला आणि म्हसेंनी तो असा काही वापरला की 1976 ला राष्ट्रीय पुरस्कार, 1989 ला पॅरिसचं मोठं प्रदर्शन, आणि 2011 ला पद्मश्री. 2003 साली ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग वारल्यांच्या मुलखात येऊन गेले, आणि त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या म्युझियममध्ये दोघांचं काम एकत्र लागलं.

आता तुमचा मुद्दा, की माणसं तर तीच. हो, तीच. पण त्यांची जाळ्याची चित्रं शोधून बघा. मासे धरायचं जाळं एवढं मोठं पसरलेलं की बाकी सगळं त्याच्यापुढे लहान, जाळ्याचं एकेक भोक इतकं बारीक की जरा लांबून बघितलं तर ते हलतंय असं वाटतं. किंवा तारप्याचा नाच, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा मधे आणि नाचणाऱ्यांची रांग गोल गोल उलगडत बाहेर येते, त्यातल्या प्रत्येकाचा वाक वेगळा. नवा रंग आणला नाही, नवा आकार आणला नाही, पण ठिपके कुठे दाट कुठे विरळ, रेष कुठे सोडायची, रिकामं किती ठेवायचं, सगळा प्रयोग तिथे आहे. क्लासमध्ये दहा सारख्या बाहुल्या काढायला लावतात तेव्हा नेमकं हेच सुटतं. म्हणून पुढच्या वेळी दोन माणसं काढा, पण एक पेरणी करणारा आणि एक ओझं वाहणारा, आणि दोघांच्या कमरेचे त्रिकोण कसे बदलतात ते बघा.

प्रश्न : तांदळाच्या पिठाने केलेलं चित्र सुकल्यावर भुकटी होऊन पडतं. अ‍ॅक्रिलिक वापरलं तर ते खोटं ठरेल का? (फाउंडेशनचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : अजिबात नाही रे. म्हसेंची स्वतःचीच कितीतरी चित्रं शेण लावलेल्या कापडावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने केलेली आहेत. पण पिठाचं आधी नीट करून बघ, सोडू नकोस. पीठ एकदम बारीक वाटलेलं हवं आणि त्यात पाण्याबरोबर डिंक हवा, तुझी भुकटी पडतेय म्हणजे बहुतेक डिंक कमी पडतोय नाहीतर थर जाड होतोय. ब्रश बाजूला ठेव, बांबूची बारीक काडी घे आणि टोक चावून मऊ कर, तिने रेष एकदम वेगळी येते. काडी जास्त रंग धरत नाही म्हणून सारखं बुडवावं लागतं आणि त्या थांबण्यामुळेच हात सावकाश होतो. एक महिना असं कर, मग अ‍ॅक्रिलिक घे, तुला स्वतःलाच फरक दिसेल.

प्रश्न : शाळेच्या कंपाउंडवर मुलांकडून वारली काढून घ्यायचीये. आमच्या भागात वारली समाज नाही. हे चोरी केल्यासारखं होईल का? (शिक्षिका, निफाड)

उत्तर : बाई, हा प्रश्न तुम्हाला पडला यातच बरंचसं आलं. वारली चित्रकलेला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यामुळे विकायच्या वस्तूवर हे नाव वाटेल त्याला लावता येत नाही. शाळेत शिकण्यासाठी काढायला काही हरकत नाही, पण पालघटचा चौक मात्र नुसती सजावट म्हणून भिंतीवर काढू नका, ती त्यांच्या लग्नातली देवी आहे. जमलं तर डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या एखाद्या कलाकाराला दोन दिवस बोलवा, जाण्यायेण्याच्या खर्चासोबत मानधन द्या आणि भिंतीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. म्हसे 2018 च्या मे महिन्यात गेले, पण त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू यांच्यासह तिकडे काम करणारे भरपूर आहेत.

आणि विषय तारपाच कशाला? म्हसेंनी आपल्या आजूबाजूचं काढलं, तसं तुमच्या मुलांनी निफाडचं काढावं. एक दिवस त्यांना कांद्याच्या चाळीवर घेऊन जा, पाट्या कशा उचलतात, ट्रॅक्टरमागे रांग कशी लागते, बायका कांदा निवडताना कशा बसतात ते नुसतं बघू द्या, वही नको नि पेन्सिल नको. चित्र दुसऱ्या दिवशी, आठवून.