ठाण्याहून वाशी आठशे किलोमीटर कशी?

प्रश्न : औषध वितरणाच्या कामासाठी मी दुकानांचे अक्षांश-रेखांश माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवले आहेत. ठाणे स्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आतील दुकाने शोधण्यासाठी साइन, कोसाइन व एकॉस (कोसाइनवरून कोन काढणारे फलन) वापरून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला करायची विचारणा, लिहिली. पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर घेतली. तरीही वाशी स्टेशनजवळचे दुकान सुमारे 800 किलोमीटरवर दिसते. कोसाइनची किंमत कॅल्क्युलेटरवर पडताळली, ती बरोबर वाटते. मग चूक कोठे आहे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : त्रिज्या बरोबर आहे, चूक कोनाच्या एककात आहे. माय-एसक्यूएलमधील ही फलने कोन रेडियनमध्ये दिला आहे असे धरतात आणि आपण अंश दिले आहेत. एक रेडियन म्हणजे सुमारे 57.3 अंश, त्यामुळे जेमतेम 14 किलोमीटरचे सरळ अंतर तितक्याच पटीने वाढले.

आपली पडताळणी फसली ती ठाण्याच्या अक्षांशामुळे, आणि हा योगायोग खरोखर लक्षात ठेवण्याजोगा आहे. 19.2 अंशांचा कोसाइन 0.944 असतो, परंतु 19.2 ही संख्या रेडियन मानली, तर तीन पूर्ण फेऱ्या होऊन सुमारे 0.35 रेडियन उरतात आणि कोसाइन 0.939 येतो. हीच पडताळणी नागपूरच्या 21.15 अंशांवर केली असती, तर किंमत उणे आली असती व चूक तत्काळ दिसली असती.

म्हणून प्रत्येक अक्षांश व रेखांश आधी रेडियन्स या फलनातून काढावा. दुकान आणि आरंभबिंदू एकच असल्यास दशांशांच्या सूक्ष्म त्रुटीमुळे एकॉसला 1 पेक्षा किंचित मोठी संख्या मिळू शकते व उत्तर नल, म्हणजे रिकामे, येते. ते टाळण्यासाठी लीस्ट (दोहोंतील लहान संख्या देणारे फलन) वापरून ती संख्या 1 वर रोखावी.

दुकाने हजारोंनी असतील, तर सर्वांवर हे गणित चालवू नये. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा, तर रेखांशाचा अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे 0.944 ने, गुणून सुमारे 105 किलोमीटरचा भरतो. त्यामुळे अक्षांशात 0.046 आणि रेखांशात 0.049 अंशांपर्यंतच्या फरकाची चौकट आधी क्वेरीच्या व्हेअर या अटीच्या भागात साध्या तुलनेने लावावी, म्हणजे इंडेक्सचा (जलद शोधासाठीच्या सूचीचा) उपयोग होईल, आणि उरलेल्या दुकानांचेच नेमके अंतर काढावे.

हे अंतर सरळ रेषेतील आहे, त्याला खाडी दिसत नाही. मुलुंड आणि ऐरोली त्यात शेजारी भासतील. गाडीला मात्र पुलावरूनच जावे लागेल, तेव्हा डिलिव्हरीची वेळ या आकड्यावरून ठरवू नये.