ॲप बिघडलेलं नाही, वारा फिरलाय

शिगमो आटोपला की जैसलमेर, सोबत दम्याचे बाबा, एक रात्र वाळूतल्या तंबूत. गेल्या आठवड्यात ॲप 39 दाखवत होतं, आता अचानक 30 आणि जोराचा वारा, तर ॲप बिघडलंय का, असं तुम्ही विचारलंय. चार वर्षांपूर्वी फोंड्यात बसून मी हेच विचारत होते. फक्त आमच्याकडे दम्याच्या सासूबाई होत्या.

तिकिटं, हॉटेल, उंटाचे दर यावर इथे पुष्कळ लिहून झालंय, ते सोडते.

ॲप ठीक आहे. आपल्याला गोव्यात हवेची एक सवय लागलेली असते. मार्चात दुपारी 33, रात्री 24, पंखा दोन्ही वेळा तोच आणि चादरही तीच. समुद्र आणि दमटपणा मिळून पारा फारसा हलू देत नाहीत. जैसलमेर आहे त्या थरच्या वाळवंटात हवा कोरडी, आभाळ निरभ्र, आणि वाळू जशी पटकन तापते तशीच पटकन निवते. दिवसा-रात्रीत 15 अंशांचा फरक तिथे कोणाला विशेष वाटत नाही. त्यात पश्चिमी झंझावात आला की दिवसाचाच पारा 7-8 अंश उतरतो. भूमध्य समुद्राकडून सरकत येणारी ही कमी दाबाची प्रणाली. हिवाळ्यात जास्त, पण मार्च-एप्रिलमध्येही फेऱ्या चालू असतात. ती यायच्या आधी दक्षिणेकडचा, आग्नेयेकडचा गरम वारा ओढला जातो आणि काहिली होते. ती पुढे गेली की वायव्येचा कोरडा, गार वारा सुटतो. तुमचे 39 त्या आधीचे, 30 त्या नंतरचे.

म्हणून आकड्यापेक्षा वाऱ्याचा बाण बघा. आणि बाण वारा कुठून येतो ते दाखवतो की कुठे जातो, हे आधी तपासा. मी तो उलटा वाचला होता.

पण बाण उलटा वाचल्याने माझं फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं ते ज्या ऑफिसातून सहल ठरवली तिथे. नाव नाही घेणार, कारण आता तिथे कोण बसतं मला ठाऊक नाही. निघायच्या तीन दिवस आधी जयपूरच्या हवामान केंद्राने पश्चिम राजस्थानला धुळीच्या वाऱ्याचा पिवळा इशारा दिला. मी फोन घेऊन ऑफिसात गेले. म्हटलं, तंबूची रात्र शहरातल्या हॉटेलात फिरवून द्या, वरचे पैसे भरते. समोरचा गृहस्थ हसला. "बाई, तिकडे आग ओकतंय, कसली थंडी? माझ्या मेव्हण्याचा कालचाच फोटो आहे, बनियनवर बसलाय." फोटो दाखवलासुद्धा! मग पावतीच्या मागची बारीक अक्षरं: हवामानामुळे होणाऱ्या गैरसोयीस आम्ही जबाबदार नाही. मी म्हटलं, गैरसोय अजून झालेली नाही, ती होऊ नये म्हणूनच तर आलेय. तर म्हणे सिस्टममध्ये बदल बसत नाही, रद्द करा, पण पैसे परत मिळणार नाहीत. चौदा हजार आम्ही आधीच पूर्ण भरले होते.

खरी चूक यानंतरची, आणि ती माझी. पैसे गेलेच आहेत तर निजून तरी येऊ, असा विचार केला. वर त्याच गृहस्थाचं ऐकून "एका रात्रीला छोटी पिशवी पुरे" म्हणत मोठी बॅग शहरात ठेवली. सासूबाईंचा दम्याचा पंप त्या बॅगेत.

चारच्या सुमाराला वारा सुटला. अंगणात नाचगाण्याला गाद्या घातलेल्या, त्यांवर बसलो तर पाच मिनिटांत मांडीवर वाळूची रेघ. डाळ-बाटी कचकच लागत होती. रात्री तंबूचं कापड असं आपटत होतं की बाजूच्या खाटेवरचं बोलणं ऐकू येईना. पहाटेपर्यंत 15 अंश झाले, पण आम्ही तोवर तिथे नव्हतोच. एक वाजता सासूबाई उठून बसल्या, पदर नाकावर, आणि श्वासाची ती शिटी. आमचे तंबू सम गावच्या वाळूत, तिथून जैसलमेर शहर 40 किलोमीटरच्या आसपास. जीपवाल्याने मागितले तेवढे दिले. अजूनही कोणी वाळवंटाचं नाव काढलं की सासूबाई माझ्याकडे बघतात.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. मुक्काम शहरातच ठेवा आणि वाळूवरच्या संध्याकाळीचा दिवस आधी ठरवू नका, वारा पडेल त्या दिवशी जीपने जाऊन या. वारा ताशी साधारण 20 किलोमीटरच्या वर गेला की वाळू सरकायला लागते. ती बहुतेक गुडघ्याखालीच पळते, म्हणून खाली बसलेल्याचे हाल जास्त. बारीक धूळ मात्र वर चढते आणि वारा थांबल्यावरही बराच वेळ तरंगत राहते. दम्याच्या माणसाला तीच नडते. वाऱ्याच्या दिवशी किल्ल्यातल्या अरुंद गल्ल्या, पटवों की हवेली हे बघा, तिथे बराच आडोसा मिळतो. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून चष्मा लावा, माझ्या नवऱ्याने दोन दिवस लाल डोळे मिरवले.

गारव्यात तहान लागत नाही, ही आणखी एक फसवणूक. घाम येतो, पण लगेच वाळतो, कळत नाही. घड्याळ बघून बाबांना पाणी द्या. मी डॉक्टर नाही, औषधाचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, पण पंप बाबांच्या खिशात, बॅगेत नाही. एक पातळ स्वेटर आणि कानटोपीही घ्या, पणजीत बसून हसू आलं तरी.

कायद्याचं मला कळत नाही, पण बदल मागायचा तो लेखी मागा, व्हॉट्सॲपवर का होईना. "बघू" म्हणाले तर ते नाही समजा. तंबूचे पैसे पूर्ण भरून झालेत की नुसता ॲडव्हान्स दिलाय? तेवढं तुम्ही लिहिलेलं नाही.