अनुकरणाआडचे प्रेम

प्रश्न : युरोपातील प्रबोधनकाळाच्या काही कवितांत एका पुरुषाचे दुसऱ्या पुरुषावरील प्रेम उघडपणे व्यक्त झालेले दिसते. ते ग्रीक-लॅटिन काव्याचे केवळ अनुकरण मानावे, की त्यामागे खरी भावना होती? – एक वाचक, सातारा

उत्तर : अनुकरण होते, यात शंका नाही, परंतु प्रश्नातील ‘केवळ’ हा शब्द मला मान्य करता येत नाही. त्या काळी शाळकरी मुले लॅटिन शिकताना प्राचीन रोमन कवी व्हर्जिलची गोपगीते वाचत, आणि त्यांतील दुसऱ्या गीतात कॉरिडॉन हा मेंढपाळ अलेक्सिस या देखण्या तरुणासाठी झुरत, एकटाच डोंगरांना आणि रानाला आपले दुःख ऐकवतो. हे गीत शिकवण्यापूर्वी, मैत्री समान स्वभावाच्या माणसांतच टिकते असे विवेचन करावे, म्हणजे मुलांच्या मनात भलते काही येणार नाही, असा सल्ला प्रबोधनकाळातील विद्वान इरॅस्मसने शिक्षकांना दिला होता. ज्या गीताला एवढी तयारी लागते, त्याचा अर्थ वाचणाऱ्यांना चांगलाच कळत असला पाहिजे.

रिचर्ड बार्नफील्ड या तरुण इंग्रज कवीच्या १५९४ मधील काव्यात डॅफ्निस हा मेंढपाळ गॅनिमीडची आर्जवे करतो. (गॅनिमीड हा ग्रीक पुराणकथेतला, देवांच्या राजाने पळवून नेलेला सुंदर राजपुत्र.) काही वाचकांना हे खटकले, तेव्हा पुढच्याच वर्षी, दुसऱ्या संग्रहाच्या प्रस्तावनेत, आपण व्हर्जिलच्या दुसऱ्या गीताचे अनुकरण केले एवढेच, असा खुलासा त्याने केला. गुदसंभोगाला देहदंड असलेल्या देशात असा खुलासा करावासा वाटणे स्वाभाविक होते. मात्र त्याच संग्रहात गॅनिमीडवरची वीस सुनीते आहेत! त्यांपैकी एकात, कवीला उसासे टाकताना पाहून गॅनिमीड कारण विचारतो, आणि कवी प्रिय व्यक्तीचे नाव न घेता त्याला आरसा दाखवतो. व्हर्जिलचा कॉरिडॉन समुद्राच्या शांत पाण्यात स्वतःचेच रूप पाहतो. बार्नफील्डच्या आरशात मात्र प्रिय माणूस दिसतो. हा बदल मला फार हृद्य वाटतो, कारण उसन्या साच्यात कवीचे स्वतःचे काय आहे, ते तिथे स्पष्ट होते.

इटलीत मायकेलअँजेलोने तोमासो काव्हालिएरी या तरुण सरदारासाठी सुनीते लिहिली आणि गरुडाने उचलून नेलेल्या गॅनिमीडचे चित्रही त्याला काढून दिले. तिथे आधार प्लेटोचा होता : देहाच्या सौंदर्यातून मन ईश्वराकडे चढत जाते, हा विचार फिचिनो या इटालियन तत्त्वज्ञाच्या प्लेटोवरील भाष्यामुळे त्या पिढीत रुजला होता. तरीही १६२३ मध्ये मायकेलअँजेलोच्या भावाच्या नातवाने त्या कविता छापल्या, तेव्हा पुल्लिंगी रूपांच्या जागी स्त्रीलिंगी रूपे घातली. ‘आला’चे ‘आली’ केल्याने प्रेमकवितेत काय बदलते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. मूळ पाठ वाचकांपुढे येण्यासाठी १८६३ साल उजाडावे लागले. त्या नातवाला या कविता म्हणजे प्लेटोची निव्वळ उजळणी वाटली असती, तर त्याने त्यांवर लेखणी चालवलीच नसती.