वीस सेकंदांत सोलां : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सत्तरी तालुक्यातील नऊ महिला मिळून एक स्वयंसाहाय्य गट चालवतो. सोलां (आमसुले), आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तूप) ही आमची उत्पादने. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आमचा माल चांगला खपतो. गेल्या चार महिन्यांत माझ्या भाच्याने गटासाठी इन्स्टाग्रामवर चाळीसेक रील टाकले. बहुतेकांत बाटली फिरते, मागे गाणे वाजते आणि शेवटी गटाचे नाव येते. त्यांतले एक रील बारा हजार वेळा पाहिले गेले, पण त्यातून एकही मागणी आली नाही. आम्ही अजूनही सोलांना रसाची पुटे देऊन उन्हात वाळवतो. ते दाखवावे असे मला वाटते, पण त्यात बघण्यासारखे काय आहे, असे भाचा विचारतो. रील आणखी छोटे हवेत आणि आणखी जास्त हवेत, असे त्याचे मत आहे. आमचे नेमके काय चुकते?
— एक वाचक भगिनी, वाळपई

उत्तर : ताई, बारा हजार हा आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि ते रील किती जणांनी दुसऱ्या कुणाला पाठवले, तेवढे भाच्याला पाहायला सांगा. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५च्या जानेवारीत सांगितले होते की, एखादे रील पुढे किती दाखवायचे हे ठरवताना ते किती वेळ पाहिले गेले, किती जणांना आवडले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवले, या तीन गोष्टींना सर्वाधिक वजन असते. आणि जे तुम्हाला ओळखत नाहीत अशांपर्यंत पोहोचण्यासाठी यांतली ‘पाठवणे’ ही गोष्ट विशेष महत्त्वाची असते. तुमचा प्रश्न नव्या गिऱ्हाइकाचा आहे, म्हणून तुम्ही या आकड्याकडे आधी पाहिले पाहिजे.

आता फिरणारी बाटली कुणी कुणाला का पाठवील, याचा विचार करा. मडगावची एखादी बाई डोंबिवलीतल्या आपल्या बहिणीला काही पाठवते तेव्हा ती त्यातून स्वतःच काहीतरी बोलत असते : ‘आई असेच करायची ना?’, ‘तू विकत आणतेस ते असे नसते बघ’, ‘या चवथीला येशील तेव्हा घेऊन ठेवते’. तुमच्या बाटलीने तिला असे एकही वाक्य दिलेले नाही. पाठवणारी तुमची जाहिरात करायला बसलेली नसते. तिला स्वतःला जे म्हणायचे आहे ते तुमच्या वीस सेकंदांमुळे सोपे झाले, तरच तिचे बोट पाठवण्याच्या बाणावर जाते.

ते वाक्य तुमच्या पत्रातच आहे, आणि भाच्याला बघण्यासारखे वाटत नाही तीच गोष्ट दाखवण्याजोगी आहे. भिरंडाची, म्हणजे कोकमाची, साल पहिल्या दिवशी लालभडक असते. ती रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असे करता करता तिचा रंग जांभळ्यावरून काळपटाकडे जातो आणि ती मऊ राहूनही टिकाऊ होते. एकच हात, एकच तळवा आणि त्यावर शेजारीशेजारी पहिल्या दिवसाची साल आणि शेवटच्या दिवसाचे सोल, असे चित्र सुरुवातीच्या दोन सेकंदांत दाखवा, कारण पाहणारा थांबणार की पुढे सरकणार हे तेवढ्यातच ठरते. मग रसाच्या भांड्यातून ओंजळीने वर येणाऱ्या, निथळणाऱ्या साली. शेवटी बोटांच्या चिमटीत दाबलेले सोल आणि बोटांना लागलेला त्याचा रंग. खाली मोठ्या अक्षरांत एवढेच लिहा : ‘चांगले सोल हाताला असे लागते.’ ज्या बाईने हे पाहिले ती पुढच्या वेळी दुकानात सोल दाबून पाहील आणि कुणाला तरी तसे सांगेलही. तिने तुमच्याकडूनच घेतले पाहिजे असा आग्रह या रीलमध्ये कुठेही नको. जिने पारख शिकवली तिच्याकडेच गिऱ्हाईक वळते, हे तुम्ही म्हापशाच्या बाजारात बसून माझ्यापेक्षा अधिक पाहिलेले आहे.

‘आणखी छोटे’ या मताशी मी सहमत नाही. २९ जून २०२० रोजी आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात भारतात रील सुरू झाले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणीही भारतातच सुरू केली, आणि तेव्हापासून ‘छोटे ते चांगले’ अशी समजूत रूढ झाली. परंतु याच कंपन्यांनी पुढे आपली मर्यादा तीन मिनिटांपर्यंत वाढवली. पुट देण्याची गोष्ट वीस सेकंदांत सांगता येते म्हणून ती वीस सेकंदांची असावी. भिरंडेलाचा गोळा कसा बांधतात हे सांगायला पन्नास लागले, तर पन्नास घ्यावेत. चार महिन्यांत चाळीस रील करण्यापेक्षा महिन्याला दोन करा, पण ते गटातल्या नऊही जणींनी आधी पाहावेत आणि ‘हे मी माझ्या जावेला पाठवीन’ असे निदान तिघींनी म्हटले, तरच टाकावेत.

एक अगदी व्यवहाराची गोष्ट भाच्याच्या ध्यानात आली नसावी. आपल्याकडे रील उतरवून घेतले जाते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निव्वळ व्हिडिओ म्हणून फिरते. तसे झाले की खाली लिहिलेला मजकूर गळून पडतो आणि गटाच्या पानाचा दुवाही सुटतो. कौतुक झाले तरी पत्ता हरवलेला असतो. मागणी न येण्याचे हे एक साधे कारण असू शकते. म्हणून गटाचे नाव, गाव आणि मागणीसाठीचा क्रमांक चित्रातच, शेवटचे तीन सेकंद, फोन हातभर लांब धरूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असू द्या. पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे बोललेलेही लिहून दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येते आणि फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो, तेव्हा लाखोंच्या साखळीची वाट पाहू नका. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘कुणाकडून कळले?’ एवढे विचारून वहीत लिहून ठेवा. ती वही बारा हजारांपेक्षा खरी.

भाषेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो : अंगणात जसे बोलता तसेच बोला. तोंडी कोकणी आणि खाली मराठी अक्षरे, हे गोव्यातल्या घराघरांत नैसर्गिक आहे, आणि मुंबई-पुण्याकडे गेलेल्या माणसाला तो सूर ऐकूनच घर आठवते. शिवाय भिरंडे पिकतात एप्रिल-मे महिन्यांत. वर्षभराचे चित्रण त्याच काही आठवड्यांत करून ठेवावे लागेल, कारण ऑगस्टमध्ये ऊन मागून मिळणार नाही.

प्रश्न : मी नाचणीचे लाडू घरी करून विकतो. ‘मधुमेह आटोक्यात ठेवणारा लाडू’ असे रीलवर लिहिले की ते खूप फिरते. मागे गाजलेले चित्रपटगीत लावतो. आता बरेच अनुयायी असलेल्या एका ओळखीच्या मुलीला फुकट डबा देऊन तिच्याकडून स्तुती करून घ्यावी म्हणतो. चालेल ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पहिली ओळ आजच काढून टाका. खाद्यपदार्थ आजार बरा करतो किंवा आटोक्यात ठेवतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही. अन्नसुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि रील ही जाहिरातच आहे. दंडाहून मला अधिक काळजी वाटते ती तुमचे वाक्य वाचून गोळी चुकवणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची. लाडवात काय आहे आणि गूळ किती आहे, ते खरे लिहा. मधुमेह असलेल्या घरात तीच माहिती पुढे पाठवली जाते.

गाण्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. वैयक्तिक खात्यावर वापरायला मिळणारे गाणे धंद्याच्या जाहिरातीसाठी दिलेले नसते, म्हणून व्यावसायिक खात्यासाठी मोकळे ठेवलेले संगीत घ्या, किंवा जात्याचा आवाज ठेवा. मुलीला डबा द्यायला हरकत नाही. फुकट मिळालेली वस्तूही मोबदल्यातच धरली जाते, तेव्हा तिने ‘जाहिरात’ हा शब्द व्हिडिओवरच, ठळक आणि सुरुवातीलाच लिहिला पाहिजे. आणि लाडू तिला आवडला नाही, तर तिने काही न बोलण्याची मोकळीक तिला डबा देतानाच द्या.